लेक ऑन्टारिओवरची शेवटची फेरी: बोट हिवाळ्यासाठी बाहेर काढण्याआधी काय बघायचं, काय करायचं

टोरांटोच्या बहुतेक क्लबांत बोटी पाण्याबाहेर काढायचा दिवस खूप आधी ठरलेला असतो. ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी पहाटे मोठी क्रेन येते, एकेक बोट पट्ट्यांत उचलून लोखंडी क्रेडलवर, म्हणजे आधाराच्या चौकटीवर, बसवली जाते आणि वसंतापर्यंत ती तिथेच राहते. लेक ऑन्टारिओ सरासरी ८६ मीटर आणि सगळ्यात खोल जागी २४४ मीटर खोल आहे, त्यामुळे मधला भाग सहसा गोठत नाही. बंदरांतलं उथळ, संथ पाणी मात्र गोठतं आणि त्या बर्फाचा दाब फायबरच्या बोटीला सोसत नाही. म्हणून ही सगळी धावपळ.

मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, स्कारबरो भागातल्या काही मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत जुन्या, पंचवीस-तीस फुटी शिडाच्या बोटी घेतल्या आहेत. सी अँड सी, अल्बर्ग, शार्क अशा याच प्रांतात बांधलेल्या बोटी इथे अजून भरपूर आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. या मंडळींचा पहिला सप्टेंबर संपत आला की प्रश्न येतो: शेवटची फेरी कधी मारायची आणि तिच्यात करायचं काय?

माझं मत ठाम आहे. ही फेरी म्हणजे बोटीची वार्षिक तपासणी. शिडांत वारा भरलेला असताना, इंजिनावर भार असताना, अंग कललेलं असताना बोट जे दाखवते, ते क्रेडलवर उभी राहिल्यावर दाखवत नाही. खिडकी कुठे गळते, सुकाणू किती खुळखुळतं, इंजिन कुठल्या वेगाला धूर सोडतं, हे आत्ता टिपून ठेवलं नाही तर पुढचे पाच-सहा महिने हातात असूनही काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. मग मे महिन्यात बोट पाण्यात उतरते आणि त्याच तक्रारी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होतात.

दिवस कसा निवडायचा

क्रेनच्या आदल्या दिवसावर भिस्त ठेवू नका. तेव्हा हवा बिघडली तर फेरीच होत नाही आणि तपासणी राहून जाते. क्रेनच्या तारखेआधी दोन-तीन आठवड्यांपासून हवामान बघायला लागा आणि जो पहिला चांगला दिवस मिळेल तो घ्या. त्यानंतर आणखी एक सुरेख दिवस मिळाला तर मजेसाठी जा की! कॅनडातलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं, तो लांब शनिवार-रविवार बरेच जण यासाठी धरतात. आपला दसराही बहुधा याच आठवड्यांच्या आसपास येतो. आमच्या ओळखीतली काही मंडळी त्या दिवशी डोलकाठीला घरच्या बागेतल्या झेंडूचं तोरण बांधून निघतात. कडाक्याची थंडी पडेपर्यंत इथे झेंडू टिकतो, आणि वर्षभर ज्या वस्तूनं आपल्याला सांभाळलं तिची पूजा करायला याहून योग्य वेळ मला सुचत नाही.

आता वाऱ्याबद्दल. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण उन्हाळ्यातला अनुभव शरद ऋतूत फसवतो. जूनच्या सुमाराला हवा गरम आणि पाणी गार असतं. गार पाण्यावरची हवा जड होऊन खालीच बसते आणि वरचा जोराचा वारा तिच्यावरून निघून जातो. ऑक्टोबरात उलटं होतं. उत्तरेकडून थंड हवा येते आणि पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. पाण्यालगतची हवा तापून वर चढते, तिच्या जागी वरचा वेगवान वारा झपकन खाली उतरतो. म्हणून अंदाजात १५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) लिहिलेले असले तरी मधूनच वीस-पंचवीस नॉटचे झोत अंगावर येतात. उन्हाळ्यात ज्या आकड्याला तुम्ही पूर्ण शीड लावून निघत होता, त्याच आकड्याला आता शीड निघतानाच कमी करून घ्या.

कॅनडाच्या हवामान खात्याचा ‘पश्चिम लेक ऑन्टारिओ’साठी वेगळा सागरी अंदाज असतो, तोच वाचा. मोबाइलवरचं शहराचं हवामान पाण्यावर उपयोगाचं नाही. २० ते ३३ नॉट वारा अपेक्षित असेल तर जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला जातो, ३४ ते ४७ नॉटला ‘गेल’चा. यातला कुठलाही इशारा असेल तर नवख्यानं त्या दिवशी निघूच नये. तपासणीसाठी १० ते १४ नॉटचा वारा उत्तम. त्याहून कमी असेल तर बोटीवर भार येत नाही आणि काही कळत नाही.

दिशेचंही बघा. टोरांटो सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. उत्तरेचा वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, त्यामुळे बंदराच्या तोंडाशी पाणी सपाट दिसतं आणि माणूस भुलतो. दोन-तीन मैल दक्षिणेला गेल्यावर लाटा वाढलेल्या असतात आणि परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर असतो. पूर्वेचा वारा याहून त्रासदायक. सरोवर पूर्व-पश्चिम ३११ किलोमीटर लांब आहे, ती सगळी लांबी लाटांना वाढायला मिळते. समुद्रातल्यासारख्या लांब, सावकाश लाटा इथे नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकामागून एक येतात. पश्चिमेचा मध्यम वारा असेल तर शहराच्या पश्चिमेकडचा उपसागर, हंबर बे, बऱ्यापैकी आडोशाला राहतो आणि तिथे निवांत काम करता येतं.

वेळ सकाळची ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यावर टोरांटोत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पारा भराभर उतरतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, की मग पाच वाजताच संध्याकाळ.

थंड पाणी

हा भाग घाईनं वाचू नका. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाणी साधारण दहा-बारा अंशांवर असतं. हवेच्या मानानं ते ऊबदार, माणसाच्या अंगाला मात्र जीवघेणं. मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि लोकांच्या लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असं सूत्र मांडलं. पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, माणूस धापा टाकतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्याच मिनिटात बुडतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर बोटं दोरही धरू शकत नाहीत. शरीर गारठून शुद्ध हरपायला त्यानंतरही सुमारे तासभर लागतो. म्हणजे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडून मरतो, आणि त्याला तरंगत ठेवणारी वस्तू लाइफजॅकेट ही एकच.

म्हणून या फेरीत लाइफजॅकेट धक्क्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी अंगात असलं पाहिजे, सगळ्यांच्या, चांगलं पोहणाऱ्यांच्याही. आपोआप फुगणारं असेल तर आतली गॅसची नळी घट्ट बसली आहे का आणि तिची मुदत संपली नाही ना, ते आदल्या रात्री बघा. कमरेला दोर लावून बोटीला अडकवून घ्या, निदान पुढे नाळेकडे जाताना तरी. मागची शिडी पाण्यात पडलेल्या माणसाला खालून ओढून उघडता येते का हे धक्क्यावरच तपासा. अनेक जुन्या बोटींत ती फक्त वरूनच सोडता येते. मग तिला एक दोर बांधून त्याचं टोक पाण्यालगत लोंबतं ठेवा.

या दिवसांत सरोवर रिकामं असतं. जुलैत हाक मारली तर दहा बोटी धावून येतात, ऑक्टोबरातल्या मंगळवारी एकही दिसणार नाही. एकट्यानं जाऊ नका. कुठे जाणार, कधी परतणार हे घरच्या माणसाला लिहून द्या, आणि ठरल्या वेळेनंतर किती वाट बघून कोणाला फोन करायचा तेही. ग्रेट लेक्सवरच्या बचावकार्याची सूत्रं ट्रेंटनच्या केंद्रातून हलतात. रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर चालू ठेवा आणि निघताना एकदा दुसऱ्या चॅनलवर क्लबशी बोलून तो खरंच चालतो याची खात्री करा.

कपड्यांत सुती काही नको. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर, बाहेर पाणी न झिरपणारं जॅकेट, हातमोज्यांचे दोन जोड. थर्मासभर चहा आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी, दशमी आणि चटणी उत्तम. केबिनमध्ये स्टोव्ह किंवा हीटर लावणार असाल तर हवा खेळायला वरची झडप उघडी हवी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा.

निघण्यापूर्वी धक्क्यावर

तीन गोष्टी आधी केल्या तर पुढचं काम अर्धं होतं.

डिझेलच्या टाकीत हिवाळ्यासाठीचं स्टॅबिलायझर आत्ताच घाला. फेरीत इंजिन तासभर चाललं की ते नळ्यांतून, फिल्टरमधून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. परत आल्यावर घातलं तर ते टाकीतच राहतं.

बोटीच्या तळाचा खड्डा, म्हणजे बिल्ज, पूर्ण उपसून जुन्या पंचानं कोरडा पुसा. तरच फेरीनंतर तिथे आलेलं पाणी आजचं आहे हे नक्की सांगता येईल. आणि खिशात एक छोटी वही, पेन्सिल, निळ्या चिकटपट्टीचं रीळ ठेवा. जिथे दोष दिसेल तिथे लगेच पट्टी लावायची आणि वहीत नंबर टाकायचा. ‘घरी गेल्यावर लिहू’ म्हटलेलं निम्मं विसरतं.

पाण्यावर

सुरुवात इंजिनापासून. बंदरातली वेगमर्यादा पाळत वेस्टर्न गॅप किंवा ईस्टर्न गॅप या बंदराच्या दोन तोंडांपैकी एकातून बाहेर पडा. वेस्टर्न गॅपजवळ विमानतळाची धावपट्टी आहे, बोयांनी आखलेल्या बंदी क्षेत्रात शिरू नका. मोकळ्या पाण्यात आलात की इंजिन हळूहळू पूर्ण वेगावर न्या आणि दहा मिनिटं तसंच चालू द्या. तापमानाचा काटा स्थिर राहतो की चढत जातो? मागच्या नळीतून पाणी नेहमीसारखं फेकलं जातंय का? धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे इंजिनाला भार झेपत नाही किंवा हवा कमी पडते, अनेकदा बोट ढकलणाऱ्या पंख्यावर आणि तळावर साचलेलं शेवाळ हेच कारण असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर थांबला नाही तर न जळलेलं डिझेल किंवा वाफ. कारण शोधायला हिवाळा आहे, आत्ता फक्त कुठल्या वेगाला काय दिसलं ते लिहा.

मग शिडं चढवा. शीड वर नेणारा दोर ओढताना कुठे अडकतोय, डोलकाठीच्या टोकावरची कप्पी करकरतेय का, हे कान देऊन ऐका. शिडं लागली की इंजिन बंद करून बोट वाऱ्याच्या तोंडाशी शक्य तितकी तिरकी घ्या, ती वीसेक अंश कलू द्या. हाच खरा तपासणीचा भाग. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांपैकी आडोशाच्या, म्हणजे बोट कललेल्या बाजूच्या तारा हाताला किती सैल लागतात बघा. थोड्या ढिल्या असणारच, पण लोंबून हिंदकळत असतील तर ताण कमी आहे. डोलकाठीच्या मुळाशी बसून तिच्या मागच्या खाचेला डोळा लावून वर बघा, ती सरळ दिसायला हवी. टोक एका बाजूला झुकलं असेल किंवा मधे बाक आला असेल तर तसंच टिपा. मग बोट दुसऱ्या अंगावर फिरवून तेच पुन्हा.

शिडाच्या तळाच्या कडेला, मधोमध उताणे झोपा आणि सरळ वर फोटो काढा. शिडाचा फुगवटा पुढे आहे की मागे सरकलाय हे त्या फोटोत स्पष्ट दिसतं, आणि शीड शिवणाऱ्याला तुमच्या वर्णनापेक्षा त्या फोटोवरून जास्त कळतं. शिवणी, कोपरे, आणि शीड जिथे तारांना घासतं त्या जागा जवळून बघा. उन्हानं दोरा आधी कुजतो, कापड नंतर. नखानं शिवणीवर हलकेच ओढल्यावर टाका तुटला तर ती शिवण गेली.

सुकाणूचा दांडा हातात असताना तो हलवल्यापासून बोट वळायला लागेपर्यंत मोकळी हालचाल किती आहे, ते जाणवून घ्या. मग दुसऱ्याच्या हाती दांडा देऊन खाली केबिनमध्ये जा. या वयाच्या बोटीत नवख्यानं करायचं सगळ्यात मोलाचं काम इथेच आहे. कललेल्या बोटीत टॉर्च घेऊन डोलकाठीच्या तारा ज्यांना अडकवलेल्या असतात ते धातूचे पट्टे जिथे डेकमधून खाली येतात तिथे हाताचं बोट फिरवा, ओल लागते का? खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात? कपाटं उघडून आतली लाकडी भिंत दाबून बघा, मऊ लागली तर पाणी बऱ्याच दिवसांपासून येतंय. मघाशी कोरड्या केलेल्या बिल्जमध्ये कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बोल्टभोवती ओल किंवा गंजाचा ओघळ असेल तर फोटो काढा आणि वहीत त्याच्याखाली रेघ मारा. ही एक गोष्ट जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढच्या वर्षी पाण्यात उतरायचं नाही.

तळातल्या पाण्याच्या प्रत्येक झडपेचा दांडा एकदा बंद, एकदा उघडा करा. जी जाम असेल तिच्यावर जोर काढू नका. पाण्यात असताना ती तुटली तर बोट भरते. पट्टी लावा, जमिनीवर बघू.

एवढं झालं की वही खिशात टाका आणि तासभर नुसते जा. हे मी मनापासून सांगतो. ऑक्टोबरातलं स्वच्छ ऊन, लेस्ली स्ट्रीट स्पिट या सरोवरात शिरलेल्या भूशिरावरची पिवळी पडलेली झाडं, दक्षिणेकडे निघालेले पक्ष्यांचे थवे, आणि १८०८ सालचा जिब्राल्टर पॉइंटचा दीपस्तंभ झाडांतून डोकावतोय, हे सगळं उन्हाळ्यातल्या गर्दीत नीट बघून होत नाही.

परतताना

डिझेलची टाकी जवळजवळ भरून घ्या. रिकाम्या टाकीत हवा राहते आणि तिच्यातला ओलावा पाणी होऊन खाली साचतो. शौचालयाची टाकी पंप करून रिकामी करा. ऑन्टारिओत ते पाणी सरोवरात सोडायला कायद्यानं बंदी आहे, आणि टोरांटोचं पिण्याचं पाणी याच सरोवरातून येतं. पंपाची जागा हंगामाच्या शेवटी लवकर बंद होते, वेळ आधी विचारून ठेवा.

धक्क्याला लागल्यावर दोन कामं लगेच. इंजिन गरम असतानाच तेल बदला. गरम तेल पातळ असतं, काजळी घेऊन बाहेर येतं. जुन्या तेलातली आम्लं हिवाळाभर बेअरिंगवर बसू देऊ नयेत. जुनं तेल शहराच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचं, क्लबात डबा असेल तर उत्तम. दुसरं काम शिडांचं. ती कोरडी असतील तर आजच उतरवा, आडव्या पट्ट्या काढा, क्लबच्या हिरवळीवर पसरून घडी घाला. ओलं शीड पिशवीत गेलं की बुरशी धरते. नंतर थंड, पावसाळी वाऱ्यात शीड उतरवायची वेळ येते, तेव्हा आज केलेल्या या तासाभराची किंमत कळते.

क्रेन आणि त्यानंतर

क्रेनच्या दिवशी क्लबची जुनी मंडळी सांगतील तसं करा. तुमचं काम एवढंच की पट्टे कुठे बसायला हवेत याच्या खुणा बोटीच्या दोन्ही बाजूंना आधीच केलेल्या असाव्यात. पट्टा पंख्याच्या दांड्यावर किंवा वेगमापकावर आला तर ते मोडतात. उचललेल्या बोटीखाली कोणीही, कधीही उभं राहायचं नाही. बोटीचं वजन कीलवर येतं, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात. तळ ओला असतानाच जोराच्या पाण्यानं धुवा. शेवाळ वाळलं की खरवडावं लागतं. चिकटलेले झेब्रा शिंपले सगळे काढा. ही परकी जात इथे आधीच खूप पसरली आहे, आणि बोट रस्त्यानं दुसऱ्या तळ्यावर न्यायची असेल तर ती साफ, रिकामी, कोरडी करूनच नेण्याचं ऑन्टारिओत बंधन आहे.

पारा शून्याखाली जाण्याआधी पाणी काढलंच पाहिजे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि लोखंडी इंजिनही तडकवतं. पिण्याच्या पाण्याची टाकी, गरम पाण्याची टाकी, नळ्या रिकाम्या करा आणि गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत फिरवा. गाडीतलं हिरवं वापरू नका, ते विषारी असतं. इंजिन थेट सरोवराच्या पाण्यावर थंड होणारं असेल तर एक अडचण असते. थर्मोस्टॅट बंद असताना अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये शिरतच नाही, बाहेरूनच वळून निघून जातं. म्हणून आधी इंजिन गरम करा, किंवा ब्लॉकचा खालचा स्क्रू उघडून आतलं पाणी पूर्ण काढा. पंपातलं रबरी चाक बाहेर काढून ठेवा. तळातल्या झडपा अर्धवट उघड्या ठेवा, म्हणजे झडपेच्या आतल्या गोळ्यात अडकलेलं पाणीही निघतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवा. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही टिकते, उतरलेली शून्याखाली थोड्या अंशांतच गोठते.

शेवटी आच्छादन. कोकणात १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. पाऊस बाहेर राहतो, वारा आत खेळतो. इथेही तेच साधायचं: उतार इतका की बर्फ घसरून पडावा, आणि दोन्ही टोकांना हवेला वाट. ताडपत्रीचे दोर टेकूंना कधीही बांधू नका. वाऱ्यानं ताडपत्री ओढली की टेकू निसटतो आणि बोट आडवी होते. दोर बोटीच्या खालून पलीकडे नेऊन बांधा.

वहीतली यादी त्याच आठवड्यात दोन भागांत लिहून काढा: स्वतः करायचं आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचं. शीड शिवणारे आणि इंजिनवाले नोव्हेंबरात मोकळे असतात, मार्चनंतर त्यांची तारीख मिळत नाही. शिडं आणि तो फोटो याच महिन्यात त्यांच्याकडे पोचवा. पहिला मोठा बर्फ पडला की एकदा जाऊन टेकू घट्ट आहेत का आणि ताडपत्रीवर पाणी साचून झोळ पडलाय का ते बघून या.